उरलेली अकरा मिनिटं

गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये, ऑगस्टातल्या शुक्रवारी
मी एसी बंद करून बसलोय.
टेपच्या इअरफोनच्या भोकातून निघालेली वायर
सरळ कॉम्प्युटरच्या कुशीत शिरते,
खोलीतला आवाज आत जात नाही,
हे मला ठाऊक आहे.
तरी बंद केलाय.

टेप परकारांच्या सुनेकडून उसना आणला.
हेड स्पिरिटनं पुसलं, कापूस तपकिरी झाला,
तीस वर्षांचं बोलणं, थोडं थोडं झडलेलं.
बिस्किटांच्या डब्यात अठरा कॅसेट,
लेबलावर बावांचं ढोबळ अक्षर:
केळशीला.
ते खोडून, आईच्या हातचं, बहारीनला.
तेही खोडून पुन्हा केळशीला.
मग जागाच उरलेली नाही.

घाई चालत नाही यात.
फोटो असते तर दुपारभरात उरकले असते.
साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात.
बावा जितका वेळ बोलले तितका वेळ
समोर बसावंच लागतं.
हयातीत मी कधी बसलो नाही इतका.

ओरडूनच बोलायचे.
मध्ये समुद्र, आणि मशीनवर भरवसा नाही.
पडद्यावरची पट्टी तांबड्यात जाते,
मी लेव्हल खाली ओढतो, ते आणखी चढतात,
"जुलेखा, ऐकतेस ना?
दाऊदजवळ चाळीस दिनार दिलेत,
पत्रे घालून घे पडवीला, म्हातारीचा डोळा दाखव,
आणि पोराला सांग..."
मग खोकला.
मी तीनदा मागं नेऊन ऐकलं.
खोकलाच आहे.

एक गंमत सांगतो.
फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली
की एका वळशाचा आवाज शेजारच्या वळशावर उमटतो.
म्हणून "जुलेखा"च्या आधी क्षणभर
एक बारीक "जुलेखा" ऐकू येते,
हाक मारावी की नाही, असं म्हणणारी.
दुरुस्तीत हा दोष निघत नाही, म्हणतात.

मागं कुणी ताट आपटतं, कुणी मल्याळीत हसतं.
ड्राय डॉकवाल्यांची खोली, सहा खाटा.
काही वाक्यं बावा अगदी हळू बोललेत,
तिथं पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट.
तिथं मी आवाज वाढवत नाही.

नवी कॅसेट घ्यायची म्हणजे पैसे.
म्हणून एकच जायची, तीच यायची,
दाऊद परकाराच्या बॅगेत, साबण आणि टायगर बामच्या मध्ये.
आई बावांवर बोलायची, बावा आईवर.
उत्तर आलं की प्रश्न पुसलेला.
एका फितीवर आळीपाळीनं
संसार केला दोघांनी.

पण बावांना फार सुचायचं नाही.
एकोणिसाव्या मिनिटाला
"बरं मग. खुदा हाफिज."
खट्.
आणि त्या खट्‌नंतर,
पुसायची राहून गेलेली
आईच्या आधीच्या पत्राची अकरा मिनिटं.

वाक्याच्या मधूनच उगवते ती,
"...म्हणून मी सांगितलं, शेंड्याकडचे आंबे राहू द्या,
ते येणारेत."
त्या साली आले नव्हते.
आंब्यांचं काय झालं ते बोलत नाही ती,
तिला अजून ठाऊकच नाही.
नव्या सुपाबद्दल बोलते, पोस्टमनच्या लग्नाबद्दल.
कोंबड्या. लाकूड फोडल्याचा आवाज.
एक पोर रडतंय लांब,
ते बहुधा मीच,
आणि ती म्हणते, "थांबा हं," आणि उठून जाते.
चार मिनिटं नुसती पडवी वाजत राहते.
परत येते तेव्हा धाप लागलेली.
"हां. काय सांगत होते?"
फीत संपते.

कॉम्प्युटर फाइलचं नाव विचारतो.
मी "बावा" लिहितो, अकरा मिनिटांसाठी खोडतो.
"आई" लिहितो, एकोणीस मिनिटांसाठी खोडतो.
घाम हनुवटीवरून कीबोर्डवर.
शेवटी तारीख टाकतो, आजची,
दुसरी कुठली माहीत नाही.

उठतो, एसी लावतो.
दुसरी बाजू उलटायची राहिलीय.